बाकीची लेकरं कुणाची?

आज सेनगावकडच्या पुसेगावजवळच्या तांड्यावर गेलो होतो. आपल्या भागातल्या कुपोषित लेकरांवर एका संशोधक मॅडमनी लिहिलेला शोधनिबंध आता परदेशात शिकवतात, हे तिथल्या बायांना सांगायचं होतं. शब्दकोशावरून स्वतः इंग्रजी शिकलेला माणूस मी. ओळ न् ओळ मराठीत सांगितली.

कमळाबाईंचं लेकरू त्या अभ्यासाच्या काळातच गेलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या किसनचं नाव कुठं हाय?"

"नावं छापत न्हाईत, बाई. दगावलेल्या लेकरांचा हा आकडा. त्यातच तो आला."

आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मंग बाकीची कुणाची?"

म्हणून घरी येऊन हे लिहितोय.

सेनगाव, कळमनुरीकडच्या मंडळींनो, तुमच्या घरचं लेकरू होतं का त्या आकड्यात? असेल तर नाव कळवा. कमळाबाई विचारून राहिल्यात.