तीन म्हणणारा माणूस

'एक वार' म्हणताना मास्तरांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर जायचा आणि टेबलावर पडायचा. 'दोन वार'लाही तसंच. मग तो तिसऱ्यांदा वर जायचा आणि तिथेच थांबायचा. पंजा उघडा, बोटं जराशी पसरलेली. मास्तर समोरच्या प्रत्येक तोंडाकडे एकेकदा बघायचे आणि म्हणायचे, "अजून वेळ आहे, शेठ."

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या बंद कारखान्यांचे लिलाव तुमच्यापैकी कुणी बघितले असतील, तर हा थांबलेला हात तुम्हाला आठवत असेल. त्या थांबण्यात भल्याभल्यांनी नको तो माल गळ्यात बांधून घेतला. मास्तर मूळचे अशाच एका कारखान्यात टाइमकीपर होते. कारखान्याला टाळं लागलं, सगळं विकायला निघालं, तेव्हा कुठलं यंत्र कुठल्या खात्यात आहे हे सांगणारा दुसरा कुणी उरला नव्हता. लिलावाच्या एजंटानं त्यांनाच यादी वाचायला उभं केलं. स्वतःच्या बसायच्या खुर्चीची बोलीसुद्धा त्यांनीच पुकारली. खुर्ची मी घेतली. तिच्यावर बसूनच हे लिहितोय.

लिहायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात कुणीतरी आमच्या जुन्या कुस्तीच्या कार्यक्रमाची कॅसेट मोबाईलवर चढवली. हजारो लोकांनी बघितली. खाली लोकांनी लिहिलंय, "काय जमाना होता", "खरी फाइट", "पंच विकला गेलेला आहे, नीट बघा". एकानं विचारलंय, "पंचाला कानफटवणारा तो सफारीवाला कोण?" पुढे हसणारी तोंडं.

तो सफारीवाला मी.

मी भंगाराचा व्यापारी. हातगाडीपासून सुरुवात केली आणि उल्हासनगर कॅम्प एकमध्ये गाळा घेतला, तोही घासाघीस करून, मालकाला रडवून. मला कुणी फसवलेलं चालत नाही. एकदा तांब्याच्या तारेच्या लॉटवर एका सिंधी व्यापाऱ्याशी माझी जुंपली. त्यानं मान हलवून माघार घेतली, बोली माझ्यावर थांबली. पण मास्तरांचा हात हवेत, नजर फिरतेय, आणि मला राहवेना. मी आकडा आणखी वाढवला. तो व्यापारी मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे साईं, अपने ही ऊपर बोली लगा दी." अख्खा मंडप हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मास्तर मात्र हसले नाहीत.

"मागची बोली तुमचीच होती, शेठ," ते म्हणाले. "तीच धरतो."

एजंट त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता. मास्तरांनी तिसऱ्यांदा हात टेबलावर टाकला. एकदा तीन म्हटलं की त्यांच्या लेखी विषय संपायचा. मागून कुणी दुप्पट देतो म्हटलं तरी ते यादीचं पुढचं पान उलटायचे.

त्याच हातानं कॅसेटमधली ती रिंग माझ्या गळ्यात मारली. एका गिरणीच्या कामगार क्लबाचं सामान निघालं होतं. कॅरम, तबला-डग्गा, पत्र्याची कपाटं आणि शेवटी बॉक्सिंगची रिंग. मी गंमत म्हणून बोली लावली आणि पुढे कुणी बोलेच ना. चार लोखंडी खांब, दोर, लाकडी फळ्यांचा चौथरा, असा ट्रकभर माल दारात येऊन पडला.

तेव्हा केबल नुकती आली होती. घराघरांत एकमेकांना उचलून आपटणारे केसाळ गोरे पैलवान दिसायचे. शाळेतली पोरं त्यांच्या चित्रांचे पत्ते खेळायची. मी म्हटलं, लोखंड तोडून काय मिळणार? अंबरनाथ पश्चिमेला मैदान आहे, तीन रविवार कुस्त्या लावू. माझ्याकडे हमाली करणारा दशरथ होता, बदलापूरजवळच्या एका गावचा. दिसायला राजबिंडा, दोन पोती एका दमात उचलायचा. तो नायक. खलनायक म्हणून कॅम्पातला एक गॅरेजवाला धरला. पिंपाएवढा माणूस, पण मनानं इतका मऊ, की सराव करताना दशरथच्या पाठीवर कोपर टेकवून हळूच विचारायचा, "लगा क्या, भाई?" जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यातून काळं कापड आणून त्याला मुखवटा शिवला.

पंच म्हणून मास्तरांशिवाय मला दुसरं कुणी सुचलंच नाही. त्यांना मी चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं समजावलं. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. दशरथ खाली पडेल, गॅरेजवाला त्याच्यावर बसेल, तुम्ही एक म्हणा, दोन म्हणा, तीन म्हटलं की कुस्ती संपते, म्हणून तिसऱ्याला हात वर थांबवा. दशरथ झटका देऊन उठेल. लोक वेडे होतील.

मास्तरांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हणजे माल आधीच विकलेला. आणि मी लिलाव करायचा."

"असंच समजा."

"कुणाला लागणार नाही, हे पण ठरलेलंच ना?"

"ठरलंय की."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

"मग येतो," ते म्हणाले. बाकी काहीच मागितलं नाही. मी दोन तास घासाघीस करायच्या तयारीनं गेलो होतो, मला ते जरा अपमानासारखंच वाटलं.

पहिल्या रविवारी मैदान भरलं. फॅक्टरीच्या क्वार्टर्समधून माणसं बायकापोरं घेऊन आली, बदलापूरकडची गावं टेम्पो करून आली. मास्तर पांढऱ्या शर्टात, गळ्यात काळा बो. गॅरेजवाला दशरथवर बसला. एक. दोन. आणि हात वर थांबला. मी आयुष्यात तशी शांतता ऐकली नव्हती. मग सगळं मैदान एका आवाजात ओरडू लागलं, "ऊठ रे, ऊठ." मास्तर पब्लिककडे वळून शांतपणे म्हणाले, "अजून वेळ आहे." दशरथनं झटका दिला तेव्हा माझ्या शेजारची एक म्हातारी चक्क रडत होती. ते गोरे पैलवान असला पंच कुठून आणणार होते?

दुसऱ्या रविवारी गर्दी पातळ झाली. तेच ते बघायला कोण येणार? इकडे उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्यानं मला मोठ्या मैदानाचं आमिष दाखवलं होतं. अट एकच, दशरथ हरलेला नको आणि काहीतरी नवीन दाखवा. मी ठरवलं, तिसऱ्या रविवारी दशरथनं सगळ्यात वरच्या दोरावर चढून उडी मारायची. दशरथ दोर हातानं ओढून बघत म्हणाला, "शेठ, दोर जुना हाय." मास्तर बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "शेठ, हे आपलं ठरलं नव्हतं."

"तुम्ही फक्त मोजा," मी म्हटलं.

उडीची जाहिरात रिक्षावरून फिरवली होती, तिसऱ्या रविवारी मैदान फाटेपर्यंत भरलं. दशरथ वर चढला, हात पसरले, आणि दोर खांबापासून सुटला. दशरथ डोक्यावर आला. तुम्ही कॅसेटमध्ये बघा, मानेवर कसा पडतो ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॅरेजवाल्याला मुखवट्याच्या भोकांतून धड दिसत नव्हतं, त्या गलक्यात ऐकू येणं तर लांबच. त्याला वाटलं, पोरगा भारी काम करतोय. ठरल्याप्रमाणे तो त्याच्यावर जाऊन बसला.

एक. दोन. हात वर थांबला.

मैदान ओरडतंय, दशरथ उठत नाही. मास्तर खाली वाकले, त्याच्या तोंडाला कान लावला. गॅरेजवाल्यासाठी पुढचं ठरलेलं होतं. मान धरून उठवायचं आणि परत आपटायचं, म्हणजे दशरथला उठायला निमित्त मिळेल. त्यानं मानेखाली हात घातला. मी खालून ओरडलो, "तीन म्हणू नका." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी काय ओरडलो ते त्यांना ऐकू गेलं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

"तीन," ते म्हणाले आणि फळीवर हात आपटला.

गॅरेजवाला मान सोडून गोंधळून उठला. पब्लिक खवळलं. चपला, बाटल्या, खुर्च्या येऊ लागल्या. माझं मोठं मैदान, माझा न हरलेला दशरथ, सगळं त्या एका शब्दात गेलं. मी दोरांखालून आत शिरलो. मास्तर दशरथच्या उशाला मांडी घालून बसले होते. मी त्यांना आईवरून शिवी दिली आणि ताकद लावून कानफटात मारली. परत मारली.

त्यांनी हात वर केला नाही. दोन्ही तळवे दशरथच्या दोन्ही कानांवर होते, डोकं हलू नये म्हणून घट्ट धरलेले. मार चुकवायला ते सोडावे लागले असते. कॅसेटमध्ये हे सगळं दिसतं, पण ते काय आहे हे माहीत असलं तरच.

मग दशरथचा आवाज आला. "शेठ, हात कलत नाय मना. माजं हात कुठं हायत?"

मास्तरांनी चौथऱ्याची एक फळी काढायला लावली आणि तिच्यावर घालून त्याला दवाखान्यात नेलं. सगळा रस्ता त्याचं डोकं धरून तेच बसले. डॉक्टर म्हणाला, कुणी मानेला धरून उचललं असतं तर खेळ तिथेच संपला असता. पाच महिन्यांनी दशरथच्या हातांत जीव आला. मान मात्र वळली नाही ती नाहीच. आज बदलापुरात त्याची पिठाची गिरणी आहे. कुणी हाक मारली की तो सगळ्या अंगानं वळतो.

दवाखान्याचा खर्च मी केला, हे कुणी सांगत नाही. मी मारलं, एवढंच सगळ्यांना पाठ आहे.

मास्तर पुढे बारा-चौदा वर्षं लिलाव पुकारत होते. मी समोरच्या रांगेत बसायचो. मला वाटलं होतं, आता माझ्या बोलीला ते थांबणार नाहीत, घाईनं तीन म्हणून दुसऱ्याला माल देतील. तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. पण हात माझ्यासाठीही तेवढाच थांबायचा, "अजून वेळ आहे, शेठ" त्याच आवाजात यायचं. दिवाळीला मी शर्टाचं कापड आणि मिठाई पाठवली. माणूस तशीच परत घेऊन आला. म्हणाला, "मास्तर म्हणाले, शेठना नमस्कार सांगा."

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडून एकटे बसले होते. माझा बांध फुटला.

"तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं. "पोराला लागलंय, एवढे दोन शब्द. मी काय राक्षस आहे? सगळ्या गावासमोर मला तसं दाखवलंत."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला.

"तुम्ही विचारलं नाही, शेठ."

कोथिंबिरीच्या जुडीचा भाव मी तीनदा विचारतो. जुना पंखा घेताना त्याचं पातं किती वेळा फिरलंय ते विचारतो. त्या दिवशी मी काही विचारलं नव्हतं, हे खरं होतं. पण एवढं बोलून ते जेवत राहिले, याचा मला आजही राग आहे. त्यांच्या तोंडावर मला 'चुकलं' म्हणायचं होतं. माणूस मान खाली घालून जेवत असताना ते कसं म्हणणार? निदान वर तरी बघायचं.

मग लिलाव कॉम्प्युटरवर गेले. आकडा टाका, घड्याळ संपलं की माल तुमचा. मास्तरांचं काम सुटलं आणि ते बदलापूरला राहायला गेले. मी तीन-चारदा तिथे गेलो, स्टेशनजवळ चहा प्यायलो आणि परत आलो. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलो होतो. गिरणीतून दशरथनं बघितलं, सगळा वळला, आणि मी उलटा फिरलो.

ते गेल्याचं मला गॅरेजवाल्यानं फोन करून सांगितलं. त्याचेही आता केस पिकलेत. "आना है तो आ जाओ, सेठ," एवढंच म्हणाला. मी सगळ्यात मोठा हार घेतला. भावसुद्धा केला नाही. पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. अग्नीचं मडकं दशरथनं धरलं होतं आणि तो सगळ्यांच्या पुढे ताठ उभा होता. गॅरेजवाला मागच्या खांद्याला. मी गर्दीतून वाट काढत पुढे झालो आणि पुढच्या दांड्याखाली खांदा घालायला वाकलो.

दशरथ पावलं टाकत सगळा वळला. रागानं बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो अगदी साधेपणानं म्हणाला,

"चार हायत, शेठ."

"दोन पावलं तरी," मी म्हटलं.

तो तोवर पुढे वळला होता. तिरडी उचलली गेली.

स्मशानापर्यंत रस्ता लांब आहे. वाटेत खांदे बदलत गेले. माझ्यामागून आलेली माणसं पुढे जायची, खांदा देऊन रुमालानं मान पुसत मागे यायची. शेजारचा दूधवाला गेला, गिरणीतला माणूस गेला, कुणी एक अनोळखी वाटेतच सायकल लावून गेला. मला कुणी अडवलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. हार घालायचा राहूनच गेला होता. फुलांचं पाणी सफारीच्या बाहीवरून कोपरापर्यंत उतरत होतं, आणि तो हार दोन्ही हातांवर धरून मी सगळ्यांच्या मागे चालत राहिलो.