ज्याने आवळलं, त्यानेच खोलायचं

आमच्या धंद्यात माल येतो तसा जातो. नट, नळ्या, व्हॉल्व्ह, दुकानात काही टिकत नाही. टिकतात त्या गोष्टी. कोणी येऊन टेकलं, चहा आला, की एखादी निघते, तिच्यामागून दुसरी, आणि गिऱ्हाईक काय घ्यायला आलं होतं तेच विसरून जातं.

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये माझं पाइप-फिटिंगचं दुकान. शेजारी लक्ष्मणदासचं भंगाराचं गोडाऊन. मी नवं विकायचो, तो जुनं घ्यायचा. "भाऊ, चीज जन्माला येते तुझ्याकडे आणि मरते माझ्याकडे," असं तो म्हणायचा. आज सांगतो ते किस्से सगळे एका कॉम्प्युटरचे आहेत. त्याचे सांधे माझ्याकडून गेले आणि शेवटी तो लक्ष्मणदासकडे गेला.

*

ऐंशीच्या दशकात अंबरनाथला, मोरिवलीकडच्या एका कारखान्याने परदेशातून जुना कॉम्प्युटर आणला. टेबलावर मावणारा नव्हे. कपाटाएवढी यंत्रं, अख्खी खोली भरून. तापायचा इतका की पंख्याने भागायचं नाही, पोटातून गार पाणी फिरवावं लागायचं. चिलरमधून, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रातून, पाणी नळ्यांनी आत जायचं आणि गरम होऊन परत यायचं. त्या नळ्यांच्या सांध्यांसाठी कॉम्प्युटरचे इनचार्ज सबनीस साहेब माझ्या दुकानात आले. रुमालात गुंडाळून आणलेला एक पितळी नट त्यांनी काउंटरवर ठेवला, आजारी पाखरू ठेवावं तसा.

लक्ष्मणदास डोकावला. "ये किसका है?"

"कॉम्प्युटरचा. पाण्यावर गार होतो."

तो गंभीर झाला. "साईं, मग उल्हासनगरला आणू नका. इकडे पाणी एक दिवस आड येतं."

*

सांधे मी दिले, पण बसवायला हात पाहिजे. तो गायकवाडांचा. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे, आधी एका कारखान्यात फिटर होते, मग स्वतःची कामं घेऊ लागले. कमी बोलायचे. दुकानात आले की स्टुलावर बसून एखादा नट बोटांत फिरवत राहायचे.

माझं शिक्षण सातवी. इंग्रजी शिकलो ते फिटिंगच्या कॅटलॉगवर. त्यामुळे 'फिंगर टाइट' मला कळतं, 'हाऊ आर यू' म्हटलं की अजून अडखळतो. त्या कॅटलॉगमध्ये एक गोष्ट ठळक लिहिलेली असायची: जास्त आवळू नका. नटाच्या आत पितळेची एक रिंग असते, ती नळीला चावा घेऊन धरते. कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तर रिंग नळीच कापते.

एकदा चिलर कंपनीचा माणूस आला. गायकवाडांनी वरच्या नळीला लावलेला सांधा बघितला आणि "सेफ्टीसाठी" म्हणून आणखी एक पीळ दिला. तो गेल्यावर तासाभरात कॉम्प्युटरच्या डोक्यावर पाऊस सुरू झाला. सबनीस साहेबांनी पाणी बंद केलं, पण नळीत राहिलेलं ठिबकतच होतं. शेवटी त्यांनी आपली छत्री उघडून यंत्रावर धरली. नेमके त्याच वेळी हेड ऑफिसचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन खोलीत शिरले.

"सबनीस, हे काय?"

"सर, कूलिंग सिस्टीम."

त्या दिवसापासून सबनीस साहेबांनी नियम केला. ज्याने आवळलं, त्यानेच खोलायचं. प्रत्येक हाताचा जोर वेगळा. नळ्यांमध्ये खार बसतो म्हणून सांधे अधूनमधून खोलावे लागायचे, पुन्हा लावावे लागायचे. एकच हात असला की नट पुन्हा जिथल्या तिथे येतो. आणि दुसऱ्या कोणी हात लावला तर कळावं म्हणून नटापासून सांध्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटली, म्हणजे कोणीतरी फिरवलं.

*

रंग कसला? गायकवाडांनी बरेच करून बघितले. घाम धरलेल्या पितळेवर टिकला तो एकच, त्यांच्या बायकोचं, शांतावहिनींचं लाल नेलपॉलिश.

गेटवर झडती व्हायची. वॉचमनने गायकवाडांच्या पिशवीतून पाना काढला, नळीचे तुकडे काढले आणि मग ती छोटी बाटली उजेडात धरली. मागे शिफ्टची माणसं रांगेत उभी.

"ही कोणाला?"

"कॉम्प्युटरला."

वॉचमनने बाटली परत पिशवीत ठेवली. "आमच्या घरी तीन मुली आहेत," तो म्हणाला, "पण असले लाड नाही केले."

मी एकदा हेंद्रेपाड्याला गेलो होतो तेव्हा शांतावहिनींनी हात पुढे करून दाखवले. कोरी नखं. "भाऊ, लग्नात लागलं तेवढंच नेलपॉलिश मला. नंतर सगळं त्या कपाटांना. ते कसं दिसतं तरी एकदा दाखवा म्हटलं, तर म्हणतात, बाहेरच्यांना सोडत नाहीत."

*

सहा डिसेंबरला गायकवाड दादरला चैत्यभूमीवर जायचे. दर वर्षी, न चुकता. एका वर्षी त्याच दिवशी एका सांध्याला थेंब धरला. चिलरचा माणूस तिथेच होता. म्हणाला, "मी बघतो." सबनीस साहेब म्हणाले, "हात लावू नका." डब्यातली स्टीलची वाटी काढून त्यांनी सांध्याखाली ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. वाटी भरली की कुंडीत ओतायची आणि परत ठेवायची.

संध्याकाळी गायकवाड पांढऱ्या कपड्यांतच थेट कारखान्यात आले. नट खोलला, रिंग बघितली, परत लावला, नवी रेघ ओढली. थेंब थांबला.

मॅनेजर वैतागले. "पाच मिनिटांच्या कामासाठी दिवसभर बसून राहिलात?"

"त्यांच्या हाताने पाच मिनिटांचं, सर," सबनीस साहेब म्हणाले. "दुसऱ्याच्या हाताने महिन्याचं झालं असतं."

*

गायकवाडांच्या या हाताचा घरी मात्र ताप होता. साखरेचा डबा, लोणच्याची बरणी, नळाची तोटी, ज्याला त्यांचा हात लागला ते दुसऱ्याला उघडायचं नाही. ते कामावर असताना पाहुणे आले की शांतावहिनी डबा घेऊन शेजाऱ्यांकडे जायच्या. शेजारी डबा उघडून द्यायचे नाहीत, वाटीभर साखरच द्यायचे. ते सोपं पडायचं.

नव्वद सालानंतर कधीतरी गायकवाडांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीवर थोडा सावरला, हात नाही. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, वापरत राहा, येईल थोडाफार. पण त्यांनी तो हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. दुकानात येणं थांबलं. कोणी भेटायला गेलं तर भिंतीकडे तोंड.

मी गेलो तेव्हा शांतावहिनींनी चहा टाकला. साखरेचा डबा घेतला, दोन बोटांनी झाकण फिरवलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आता सगळे डबे उघडतात, भाऊ," त्या म्हणाल्या.

*

त्याच सुमाराला कारखान्यात टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर आले आणि मोठा भंगारात निघाला. घेतला लक्ष्मणदासने. मला म्हणाला, "भाऊ, कटर मारतो, दो घंटे का काम."

सबनीस साहेबांनी गेटपास अडवला. मला फोन केला. "खुणा अजून शाबूत आहेत. कटर लागणार नाही. गायकवाडांना आणा."

मी हेंद्रेपाड्याला गेलो. गायकवाड भिंतीकडेच बघत म्हणाले, "शेठ, नियम हाताचा होता. हात राहिला नाही. कापून टाका."

शांतावहिनींनी त्यांची काठी आणून समोर धरली. "कापायचंच असेल तर कापतील," त्या म्हणाल्या. "पण मला ते बघायचंय. एवढी वर्षं माझ्या बाटल्या कुठे गेल्या ते."

लक्ष्मणदास कुरकुर करत होता, पण न्यायला गाडी त्याचीच आली.

कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायची पद्धत होती. यंत्र बंद पडलं होतं, तरी सगळ्यांनी काढल्या. शांतावहिनी कपाटांच्या मागे गेल्या. गुडघ्याच्या उंचीवर ओळीने सांधे, प्रत्येकावर लाल रेघ. त्या एकेक बघत पुढे गेल्या आणि परत येऊन नवऱ्यामागे उभ्या राहिल्या.

गायकवाडांना स्टुलावर बसवलं. त्यांनी डाव्या हाताने पाना घेतला, नटावर लावला, काढला. जमेना. मग डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात उचलला, पान्यावर ठेवला, वरून डाव्याने धरला आणि दाबला. नट हलला नाही. पुन्हा दाबला. लक्ष्मणदासचा कटरवाला दारात पाय बदलत उभा होता.

"शेठ, सांगितलं होतं मी," गायकवाड म्हणाले आणि हात काढायला लागले.

लक्ष्मणदासने कटरवाल्याकडे वळून बघितलं. "जा, चाय पी के आ," म्हणाला आणि स्वतः तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला. "साईं, मला घाई नाही."

जन्मात पहिल्यांदा हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं.

गायकवाड त्या रेघेकडे बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "शांता, ये."

"मी? मी कुठे आवळलंय ते?"

"रंग तुझा आहे."

वहिनी खाली बसल्या. त्यांनी आपला हात गायकवाडांच्या उजव्या हातावर ठेवला. कोणी किती जोर लावला, ते मला दिसलं नाही. रेघ मधोमध तुटली, नट फिरला, नळीत राहिलेलं पाणी यायला लागलं.

सबनीस साहेबांनी खिशातून स्टीलची वाटी काढली आणि खाली सरकवली.