हमीदनं जपलेला नंबर

हमीद सोमवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास वारंगा फाट्यावरच्या त्याच्या दुकानात, शिलाई मशीनवर बसलेला असताना गेला. वय बावन्न. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असं लिहिलं. दफन त्याच दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर झालं. त्याचा एकुलता एक मुलगा जावेद तिथं नव्हता, कारण त्याला कळवताच आलं नाही. या गोष्टीला सहा आठवडे झाले. माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो हमीदवरच आहे.

कळमनुरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी हिंगोलीला वर्तमानपत्रात लागलो आणि हमीदनं फाट्यावर दुकान टाकलं. ट्रकच्या सीटची कव्हरं, ताडपत्र्या, मोटारसायकलच्या गाद्या अशी त्याची कामं. टाका त्याचा पक्का होता. त्यानं शिवलेलं कव्हर फाटायच्या आधी ट्रक विकला जातो, असं ड्रायव्हर म्हणायचे. बोलण्याच्या बाबतीतही तो तसाच होता; एकदा बंद केलेलं उसवायचा नाही. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ते मला पत्रिका हातात पडल्यावर कळलं. विचारलं तर म्हणाला, "कळलं ना आता? मग?"

जावेद सैन्यात भरती झाला आणि बाहेरच्या राज्यातल्या एका प्रशिक्षण केंद्रात गेला. तिथं मोबाईल जमा करून घेतात. रविवारी चार ते पाचच्या दरम्यान मुलांना रांगेनं, केंद्रातल्या फोनवरून घरी बोलू देतात, प्रत्येकी काही मिनिटं. पहिले दोन महिने ठीक गेले. मग सीमेवर लढाई पेटली, रजा बंद झाल्या आणि केंद्राकडून घरच्यांना सूचना आली की मुलांचं ठिकाण, हालचाल, फोटो कुणालाही देऊ नका. सूचना तीन ओळींची होती. हमीदनं तिचा कायदा केला. भरतीच्या कागदाच्या झेरॉक्सवरून त्यानं केंद्राचं नाव आणि पत्ता कात्रीनं कापून काढला. मूळ कागद जावेदकडंच होता. फोन झाला की मोबाईलमधली कॉलची यादी तो पुसून टाकायचा. घरची बातमीसुद्धा फोनवर द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं. एका रविवारी मी त्यांच्या घरीच होतो. हसीनाभाभींनी मुलाला सांगितलं, "इधर पानी पड्या रे," तर यानं फोन हिसकावून घेतला.

"अरे, पावसाचं काय लपवतो?" मी म्हणालो.

"पाऊस कुठं पडला ते कळलं की गाव कळतं."

"गाव कळून कोण येणार हाय हमीद? तुझ्या ताडपत्र्या न्यायला?"

"तू पेपरवाला. तुझ्या पोटात काय राहतं? आज सांगितलं की उद्या चौथ्या पानावर."

"चौथं पान खेळाचं असतं."

"मग खेळाच्या पानावर येईन."

छातीत दुखायला लागलं तेव्हाही त्यानं हेच केलं. पंधरा दिवस तो डावा खांदा चोळत मशीनवर बसायचा. जावेदनं फोनवर विचारलं, "अब्बा, आवाज असा काहून येऊन राहिला?" यानं सांगितलं, धूळ. मी त्याला नांदेडला चल म्हणालो, तीनदा. तो "येतो ना" म्हणाला, तीनदा... नंतर मी तुझ्या मुलाचा नंबर तरी मला देऊन ठेव असं सांगितलं. कुणाच्या तरी हाती तो असावा. तर म्हणाला, "हाय बराबर जागी." आणि माझ्या मोटारसायकलची सीट चांगली असताना, ती ठेवून जा म्हणून मागे लागला. नवं रेक्झिन घातलं, पैसे घेतले नाहीत. वर ताकीद दिली, "फाटली तर दुसऱ्याकडं न्यायची न्हाई. माझ्याकडंच आण." त्याच्या कामाचा ताठा समजून मी सोडून दिलं.

सोमवारी मला अकराला फोन आला. मी पोचलो तेव्हा भाभी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या, जावेदला सांगितलं का. नंबर कुणाकडंच नव्हता. "उनों किसकू बतातेच नई थे," त्या म्हणाल्या. मोबाईलमधली यादी कोरी होती. कागदावर जिथं पत्ता असायला हवा तिथं चौकोनी भोक होतं. त्याच मोटारसायकलवरून मी हिंगोलीला परत गेलो. सैनिक कल्याण कार्यालयात त्यांनी जावेदचा सैनिक क्रमांक आणि कंपनी विचारली. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. शोधून कळवतो म्हणाले. तिथून कळमनुरीला, जावेदबरोबर भरतीला गेलेल्या एका मुलाच्या घरी गेलो. तो दुसऱ्याच केंद्रात निघाला. असर होईपर्यंत थांबा, असं मी मौलवींना सांगून ठेवलं होतं. ते थांबले. मी रिकाम्या हातानं परतलो. हमीदला माती देताना मनात त्याला शिव्या देत होतो, हेही नोंदवतो.

पुढच्या रविवारी मी हमीदच्या घरी होतो. चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. भाभींनी उचलला. पलीकडून जावेद म्हणाला, "अम्मी, अब्बाकू दे." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. मी घेतला आणि सांगितलं. मागं रांगेतली मुलं बोलत होती. मग त्यानं विचारलं, "कधी?"

"सोमवारी."

"काका, मग फोन काहून केला न्हाई?"

"नंबर नव्हता बाबा. कुणापाशीच नव्हता."

"तुमच्यापाशी हाय की. तुमच्या गाडीच्या सीटमंदी. अब्बानं मला सांगितलं होतं, काही झालं तर काका फोन करतील म्हणून."

हमीदनं फोनवर दिलेली ती एकच बातमी. मला द्यायची राहिली... की त्याला वाटलं मी सीट उघडूनच पाहीन, हे आता विचारता येत नाही.

बाहेर येऊन मी त्याच्याच दुकानातल्या कात्रीनं सीटची मागची शिवण उसवली. रेक्झिन आणि फोमच्या मध्ये प्लास्टिकची पिशवी होती, तोंड शिवलेली. आत घडी केलेला कागद. केंद्राचं नाव, कंपनी, सैनिक क्रमांक, कार्यालयाचा फोन नंबर. अक्षर हमीदचं. मी खात्री करून घ्यायला तो नंबर लावला. दुसऱ्या रिंगला पलीकडून उचलला.