आईला बसवून अजिंठा घाट: माझी पेट्रोल की दादाची डिझेल?

आईनं यापुढं कुणाकडं राहायचं, हे आम्ही दोघा भावांनी गाड्यांवर सोपवलं. हसू येत असेल तर खुशाल हसा. ती फुलंब्रीला दादाकडं होती आणि मला तिला उस्मानपुऱ्यात माझ्या घरी कायमची आणायची होती. भांडून झाल्यावर दादाच म्हणाला, "मावशीकडं जाऊन येऊ. ज्याच्या गाडीत आई सुखानं बसंल, त्याच्याकडं राहील." मला माझ्या गाडीची खात्री होती, म्हणून लगेच हो म्हटलं.

दोन्ही गाड्या जर्मन, जुन्या, रस्त्यात जमीन गेली तेव्हा मोबदल्याच्या पैशातून एकमेकांच्या ईर्ष्येनं घेतलेल्या. माझी दोन लिटर पेट्रोल, २४५ बीएचपी. दादाची तीन लिटर डिझेल, २३१ बीएचपी, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, माझ्या गाडीच्या दीडपट, आणि तो हे दर सणाला ऐकवतो.

सिल्लोडपर्यंत आई दादाच्या गाडीत, मी मागून. सकाळी लवकर निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. सिल्लोडला चहा आणि गरम भजी घ्याच, तिघांचं शंभर-सव्वाशेत भागतं. दादानं डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास ठेवून आणला होता. "बघ, थेंब सांडला नाय!" आई तेव्हा एक हात दाराला, एक गुडघ्याला लावून उतरत होती आणि आम्ही दोघं ग्लास बघत होतो.

पुढं ती माझ्या गाडीत. घाट उतरताना मी वळणं अशी कापली की मन खूश झालं. "जरा हळू घे रे," आई म्हणाली. "अगं, या गाडीला वळण कळतसुद्धा नाही," मी म्हणालो. फर्दापूरच्या पुढं मावशीचं गाव. तिथं मावशीनं दोन्ही हात धरून ओढलं, तेव्हा कुठं आई सीटमधून उठली.

जेवल्यावर अंगणात बोनेट उघडून आमचा वाद रंगला होता. आई दारात आली.

"मी नाय येत. दोन्ही गाड्या लई खाली हायेत, गुडघे धरतात माझे. सकाळधरनं कुणी इचारलं का? घरीबी तसंच. कुणाकडं ऱ्हायचं, तुमीच ठरवता. मी हितंच ऱ्हाते."

"किती दिवस?" दादानं विचारलं.

"ऱ्हाऊ वाटंल तवर."

मला रडायला आलं आणि रागही आला, बराचसा दादाचाच.

परतताना घाट चढून फुलंब्रीपर्यंत आपापल्या गाडीत पुढंमागं आलो. तिथं त्यानं गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. वाटलं, आता आईचं काढेल.

"वरच्या वळणाला तू कितव्या गिअरला व्हता?"

"तिसऱ्या."

घरी बायकोनं आईसाठी पुढच्या खोलीत पलंग लावून ठेवला होता. आई तिकडंच राहिली म्हटल्यावर तिनं चादर काढून घडी घातली.

जाणाऱ्यांसाठी निकाल: चढाला डिझेल, वळणाला पेट्रोल. माझं पेट्रोल अडीच हजाराचं लागलं, दादाचं डिझेल पुष्कळ कमी. तो नवे टायर टाकून येत्या रविवारी पुन्हा घाटात चल म्हणतोय. मी येतो म्हणालो. घाट उतरून आईकडं जायचं का, हे अजून कुणी काढलेलं नाही.