पाच मंगळवार

तीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारल्या मी. अचलपूर असो की नांदगाव खंडेश्वर, गाडी उशिरा म्हणजे उशिरा. लोक शिव्या द्यायचे, देवोत बापडे; खोटी वेळ कधी सांगितली नाही. आणि रिटायर झाल्यावर सख्ख्या पोरीशी खोटं बोललो.

पोरगी कोकणात नर्स होती. सुट्टी मंगळवारची. तिथल्या एका किनाऱ्यावर, जिथं पर्यटक फिरकतही नाहीत, ती फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकली. अकोल्याची पोरगी, बोला! आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर टँकर. अन् माझ्या बुडालेल्या धाकट्या भावाला विहिरीतून वर काढताना मी काठावर उभा होतो.

तिच्या गावात फोन लागायचा, इंटरनेट नव्हतं. म्हणून दर सोमवारी संध्याकाळी मलाच विचारायची, "बाबा, उद्या पानी कसं हाय?" मोबाइलवर लाटांचा अंदाज बघायला तिनंच शिकवलं होतं. कंबरभर लाट, दोन लाटांत दहा-बारा सेकंद, अर्धी भरती अन् सकाळचा वारा जमिनीकडून. एवढं जुळलं तरच तिथं लाट नीट उभी राहते, नाहीतर वाळूवर नुसती आपटते. जुळायचं क्वचितच.

पावसाळा सरला अन् तिची अकोल्याजवळ बार्शीटाकळीला बदली झाली. निघायला पाच मंगळवार उरले. पहिल्याच सोमवारी बघतो तर सगळं जुळलेलं. मला तो विहिरीचा काठ आठवला. म्हटलं, "खराब हाय बेटा. वारा समुद्राकडून येऊन राह्यला. झोपून राय घरी." बिचारीनं ऐकलं. एकदा जीभ सैल सुटली की सुटली. नवल म्हणजे पुढंही दर सोमवारी जुळतच गेलं, अन् पाचही सोमवारी मी तेच सांगितलं.

समुद्राचा निरोप घ्यायला ती गेली, तेव्हा तिथल्या चहावाल्या मावशीनं विचारलं, इतक्या सुरेख लाटा होत्या, पाच मंगळवार होतीस कुठं? घरी आल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं.

आता ती घरीच राहते, रोज बार्शीटाकळीला जाऊन येते. पोरगी डोळ्यांसमोर हवी होती ना मला? मिळाली, डोंबल! भांडली असती तरी बरं होतं. वाढते, बीपीची गोळी हातावर ठेवते अन् ड्युटीला निघते. फळी तिथंच कुणाला तरी देऊन आली. बोंब मारू तरी कुणाच्या नावानं? आपलेच दात, आपलेच ओठ.

अंदाज बघायची खोड मात्र जात नाही. परवा सोमवारी पुन्हा सगळं जुळलं. ती डबा भरत होती. राहवलं नाही, म्हटलं, "बेटा, उद्या तिथं कंबरभर लाट हाय. वारा जमिनीकडून."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "आता काहून खरं सांगून राह्यले, बाबा?"