क्रेनसमोर चिगोंग

हसायचं नाही हं, चहा सांडेल! आता कसं सांगू, माझ्या मनःशांतीने एकदा अख्ख्या फॅक्टरीची शांती घालवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनियर. मूळ नाशिकचा, पण डोकं भट्टीसारखं. ब्लड प्रेशर असं, की तपासताना डॉक्टरच घाबरायचे. तेव्हा मशीन बसवायला आलेल्या एका तैवानी इंजिनियरने मला चिगोंग शिकवलं. डोळे मिटायचे, श्वासाबरोबर दोन्ही हात सावकाश वर न्यायचे, सावकाश खाली आणायचे. बस्स! तो परत गेला, मी चिकटून राहिलो. वर्षानुवर्षं एक सकाळ चुकवली नाही. झोप लागू लागली, गोळ्या कमी झाल्या. बायको तर काळजीने म्हणाली, "अहो, हल्ली ओरडत नाही तुम्ही. बरं आहे ना?"

बघून चार-पाच कामगारही करायला लागले. म्हणून मी शेटकडे यार्डातला कोपरा मागितला, पाळीआधी सगळ्यांना उभं राहता येईल असा. शेट म्हणाले, "पहेलां मने करी बतावो. गम्युं तो कोपरो तमारो." म्हणजे, आवडलं तर कोपरा माझा!

दाखवायच्या दिवशी मी ठरवलं, आज काहीही होवो, डोळे उघडायचे नाहीत!

सकाळी यार्डात उभा राहिलो, डोळे मिटले. दुपारी येणारी क्रेन सकाळीच येईल, हे मला काय माहीत? तिने माझ्यासमोरच ट्रकवरून मशीनचं भलंमोठं खोकं उचललं. क्रेनच्या केबिनमध्ये इंजिनचा आवाज इतका, की क्रेनवाला इशाऱ्यावरच चालायचा. त्याने इकडेतिकडे बघायचं नाही, फक्त इशाऱ्याचा हात बघायचा. दोघांनी इशारा केला तर साहेबाचा पाळायचा. हा नियम कोणी केला होता? मीच! तोही ओरडून!

मी हात वर नेले, खोकं वर. हात खाली आणले, खोकं खाली. लांबून मिटलेले डोळे कुठे दिसतात हो?

"साहेब, हात नका हालवू!" आमचा धुळ्याचा सुपरवायझर बोंबलला.

मी मनात म्हटलं, घ्या परीक्षा!

"आवो साहेब, डोळे तं उघडा!"

उघडतो काय! मी आणखी जोमाने हात वर नेले.

तेवढ्यात शेटची गाडी आली. ट्रक बाजूला झाला होता, ड्रायव्हरने ती मोकळी जागा बघून, वर न बघताच, तिथे गाडी लावली. शेट उतरून माझ्यापाशी आले. "वाह!" म्हणाले. माझं काळीज सुपाएवढं झालं. शेवटची क्रिया मी मन लावून केली. दोन्ही तळवे डोक्यावरून पार बेंबीपर्यंत, अगदी सावकाश.

कर्रर्र!

डोळे उघडले. खोकं शेटच्या गाडीच्या बॉनेटवर बसलेलं.

"म्या तुमचाच हात पाह्यला, साहेब!" क्रेनवाला रडवेला झाला होता.

आणि मी? शपथेवर सांगतो, छातीत जराही धडधड नाही. म्हटलं, "शेट, बघितलंत? एवढं झालं तरी माझा आवाज चढला नाही!"

"तमारुं प्रेशर उतर्युं," शेट किंचाळले, "मने चडी गयुं!"

कोपरा मिळाला बरं का! डॉक्टरांनी सांगितल्यामुळे शेट स्वतःच तिथे कामगारांबरोबर उभे राहू लागले. मी मात्र अजूनही रोज करतो ते घराच्या गच्चीवर. कारण नोकरी संपेपर्यंत मी यार्डात पाय ठेवला की क्रेनवाला वरून ओरडायचा, "साहेब, हात खिशात घाला, माल टांगलेला हाये!"