मुळीकाकूचं नाक

उतारावरची ज्वरमुळी फुलात असली की कुणालाही ओळखता येते. निळं फूल, घशात पिवळा ठिपका. तिच्या शेजारीच उगवणाऱ्या विषारी मुळीच्या फुलात तो ठिपका नसतो. पण फुलात असताना मुळाला जोर नसतो. फुलं गळून पाला सुकला, की मगच खणायचं; आणि तेव्हा दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. फरक वासाचा. खरी कडवट, खोटी गोडसर. म्हणून प्रत्येक मूळ मुळीकाकू हुंगायची, मगच ते जुडीत जायचं. तिच्या जुडीवर लोक डोळे मिटून विश्वास टाकायचे.

त्या हिवाळ्यात काकू स्वतःच तापाने अंथरुणाला खिळली. उठली ती नाक गमावून. कांदा हुंगला, काही नाही. रॉकेल हुंगलं, काही नाही. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितल्यावर दारात कोण येणार?

मग तिने युक्ती काढली. सुनेला समोर बसवायचं, हातात मूळ द्यायचं आणि शिकवणाऱ्या बाईच्या तोऱ्यात विचारायचं, "सांग बघू, कोणती?"

"खरी."

"हं. टाक जुडीत."

सून मनात म्हणे, चुकलं तर सासूबाई आहेतच की. मग कधी हुंगे, कधी नुसतं नाकाजवळ नेल्यासारखं करी.

एका दुपारी तिला चेष्टा सुचली. मुळाला गोड वास येत होता, तरी ती ठसक्यात म्हणाली, "खरी!"

"टाक जुडीत."

सून खो खो हसत सुटली. "आई, फसलात की! अहो, गुळाच्या ढेपेसारखा वास मारतंय हे."

काकू हसली नाही.

"आई... तुम्हाला वास येत नाही?"

"आजवरची सगळी नीट हुंगलीस ना गं?"

सुनेने मान खाली घातली.

सकाळीच गवंड्याची बायको नवऱ्याच्या तापासाठी जुडी घेऊन गेली होती. काकू अनवाणी धावली, मागे सून. गवंडी खाटेवर बसला होता, हातात अर्धा पेला.

"काकू, या खेपेला काढा गोड झालाय," तो म्हणाला. "जीभ मात्र बधिर पडलीय."

काकूने पेला हिसकावला आणि त्याच्या बायकोसमोर सगळं सांगून टाकलं. शेजाऱ्यांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

तो वाचला. हात मात्र थरथरत राहिले. त्याच्याकडून विटेवर वीट सरळ बसेना. काकूने घरातल्या सगळ्या जुड्या खड्ड्यात पुरल्या आणि रोज त्याच्या घरी जाऊन बसू लागली. गवंड्याची बायको पाणी आणून द्यायची. बोलायची नाही.

"शिव्या तरी घाल गं," एकदा काकूच म्हणाली.

"शिव्या कशाला, काकू? काढा मीच पाजला ना त्याला."

पाणी न पिताच काकू उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली.